गप्प म्हणजे रस्ता मोकळा

झालं एवढंच की वाक्य अर्ध्यावर थांबलं. बसस्थानकाच्या वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, तो नेहमीसारखा माइकसमोर बसला होता. खाली फलाट, मागे सरकणाऱ्या गाड्या, बाकांवर आपापल्या पिशव्यांना पाय लावून बसलेली माणसं. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं, फलाट क्रमांक चारवरून सुटणारी गाडी' इथवर तो आला. पुढचे शब्द समोरच्या कागदावर होते, जिभेच्या टोकावरही येऊन बसले होते, पण ते बाहेर काढायचं काही कारण त्याला सापडेना. घसा बसला नव्हता, चक्कर आली नव्हती. नुसतं वाटलं की गाडी सुटायची असेल तर सुटेल, नसेल तर नाही सुटणार. यात आपण बोलण्यासारखं काय आहे? बोट बटणावर दाबलेलंच राहिलं. सगळ्या स्थानकाच्या कर्ण्यांतून उघड्या माइकची पोकळ घरघर पसरली, आणि खालची माणसं एकेक करून माना वर करून कर्ण्यांकडे बघू लागली, जणू छतातून आता कोणी फार मोठं काहीतरी सांगणार आहे. काचेतून त्या वळलेल्या माना त्याला दिसत होत्या. तो तसाच बसून राहिला. शेवटी कंट्रोलर आत आला आणि त्याचं बोट उचलून त्यानं बटण सोडवलं. "काय रे भोंग्या, डोळा लागला का?" अख्खं स्थानक त्याला भोंगा म्हणायचं, आवाजच तसा होता, गाडीच्या इंजिनावरून पलीकडे जाणारा. मग कंट्रोलरनं त्याचा चेहरा पाहिला आणि थट्टेचं पुढचं वाक्य त्याच्याही तोंडात राहिलं. "घरी जा," तो हळूच म्हणाला. "बरं वाटेपर्यंत येऊ नकोस. इथलं मी बघतो."

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि त्यात तो आणि ताई. ताई मोठी, जन्मापासून न बघणारी, एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर बसणारी. कोणाचा फोन कुठल्या वॉर्डात जोडायचा हे समोरचा 'हॅलो' म्हणाला की तिला अर्धंअधिक कळायचं. रडणारे वेगळे, रडून झालेले वेगळे. तिच्यापासून काय लपणार? भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलाय की छताकडे, हे ती दारातूनच ओळखायची. पण पहिले काही आठवडे ती काही बोलली नाही. पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायची, पाव आणि उकडलेलं अंडं ठेवायची, आणि संध्याकाळी परत आल्यावर अंड्यावरून बोट फिरवून ते तसंच आहे हे बघायची. त्याला अंडं दिसत होतं. ते सोलायला लागणारे हात मात्र कुठेतरी फार लांब, दुसऱ्या कोणाच्या खांद्यांना लावलेले असावेत असे होते. आपण दुःखी आहोत असंही त्याला वाटत नव्हतं. दुःखाला निदान ओल असते. हे कोरडं होतं, गोदामात पडून राहिलेल्या पोत्यासारखं. दात घासायचे म्हणजे उठायचं, नळापर्यंत जायचं, ब्रश उचलायचा, आणि हे सगळं करून पुन्हा उद्या तेच. इतका लांबचा प्रवास डोळ्यांसमोर आला की तो पुन्हा भिंतीकडे वळायचा. कधीकधी खिडकीबाहेरच्या आवाजांत तो नसल्यानं काही फरक पडलाय का हे तो ऐकायचा. पडलेला नसायचा. हे त्याला भयंकर वाटायला हवं होतं. त्याला ते सोयीचं वाटायचं, आणि ज्या दिवशी ते सोयीचं वाटलं त्या दिवशी, का कोण जाणे, त्यानं ते ताईला सांगून टाकलं.

ताईनं हातातली फणी खाली ठेवली. आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याचा हात धरून ती त्याला इस्पितळात घेऊन गेली. म्हणजे रस्ताभर तोच तिला नेत होता, पण नेत होती ती. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, बोलताना पेन बंद करून ठेवायच्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "गोळ्या देते. त्या चुकवायच्या नाहीत. परत तसं वाटलं तर वेळ-काळ न बघता इथे यायचं. आणि रोज अंग हलवायचं, घाम येईपर्यंत."

"त्यानं काय होणार?"

"ते मी सांगून तुम्हाला पटणार नाही. आत्ता तुम्हाला काहीच पटणार नाही. म्हणून पटायची वाट बघू नका. डोकं नाही म्हणत असेल तर म्हणू दे, पाय घेऊन जा."

ताई हसली. "पाय याचे माझ्याकडे द्या, डॉक्टर. मला ते हवेच होते."

तिला खरंच हवे होते. ताई पळायची. तळ्याभोवतीच्या मैदानावर ती सकाळची पळायची, शाळेत कवायत शिकवणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर, दोघींच्या मनगटांत एकाच आखूड दोरीचे दोन फास घालून. ती मैत्रीण बदली होऊन दूर गेली होती आणि ताईचे बूट पलंगाखाली धूळ खात पडले होते. "मला माणूस हवाय," ती घरी आल्यावर म्हणाली. "चांगला मिळेना, तर तू चालशील."

"ताई, मला बोलता येत नाही. रस्ता सांगावा लागतो ना तुला?"

तो हे म्हणाला आणि त्याला लहानपण आठवलं. आई म्हणायची, हिच्या पुढे चाल, आडवं काही आलं की सांग. तो जेमतेम तिच्या कमरेला लागत होता आणि गल्लीभर ओरडत चालायचा, खांब आला, पायरी आली, सायकल आली, बाजूला व्हा, माझी ताई येतेय. तोच आवाज पुढे नोकरीला लागला. ताई सगळ्यांना सांगायची, याची नोकरी मी लावली. आणि आता त्या आवाजाच्या जागी तळाला कोरडी पडलेली विहीर होती. दगड टाकला तरी नुसता ठक्क.

"कोण म्हणालं बोलायला?" ताई म्हणाली. "पळताना कोणी गप्पा मारत नाही. आमचा नियम साधा होता. वळण, खड्डा, माणूस, कुत्रं, आडवं काही आलं तर एक शब्द. बाकी तोंड बंद. तू गप्प म्हणजे रस्ता मोकळा. कळलं?"

तो भिंतीकडे बघत राहिला. इतके दिवस त्याच्या गप्प बसण्यानं माणसं घाबरत होती. कंट्रोलर घाबरला, शेजारीण घाबरून दारातूनच परत गेली. त्याच्या गप्प बसण्याचा कोणाला उपयोग आहे असं प्रथमच कोणी म्हणत होतं.

पहिले दिवस म्हणजे नुसती ओढाताण. ताई त्याचं पांघरूण खेचायची, बूट अंगावर फेकायची. "ऊठ रे भोंग्या, मी काय तळ्यात पळू?" मैदानावर तिचं पाऊल हलकं आणि याचं ओल्या वाळूचं. शंभरेक पावलांत त्याची छाती भात्यासारखी वाजायची, कुशीत कळ यायची, तो थांबायचा, दोरी ताणली जायची, ताई पुढून मागे खेचली जायची आणि म्हणायची, "काय झालं? झाड आलं की म्हातारपण?" त्याला हसू येत नव्हतं. पण राग येत होता, आणि राग आला हे घरी जाताना त्याच्या लक्षात आलं. कित्येक दिवसांत त्याला काही आलं नव्हतं, रागसुद्धा नाही. 'डावीकडे.' 'उतार.' 'कुत्रं, झोपलंय.' एवढेच शब्द. ते बोलायला कारण शोधावं लागत नव्हतं. कारण त्याच्या मनगटाला बांधलेलं होतं आणि त्याच्याच वेगानं धावत होतं. एका सकाळी परतल्यावर तो जिना चढून आला, ओट्याजवळ उभा राहिला, आणि त्यानं अंडं सोललं. मीठसुद्धा न लावता खाल्लं, दुसरं खाल्लं, आणि तिसऱ्याला हात घालताना थबकला. भूक. ही आत कुठे बसली होती? कोणी सांभाळून ठेवली होती? तो स्वतः तर केव्हाच सगळं सोडून बसलेला माणूस होता. घरमालक परागंदा व्हावा आणि तरी कोणीतरी रोज संध्याकाळी आत दिवा लावत असावा, तसं काहीतरी या हाडामांसात चालू होतं. छाती वर-खाली होत होती, रक्त फिरत होतं, फोड आलेल्या टाचेवर रात्रीत नवी कातडी येत होती, त्याला न विचारता, त्याच्याकडून कसलीही अपेक्षा न ठेवता. देणाऱ्यानं दिलं होतं आणि वर उपकार बोलूनही दाखवला नव्हता. तो अंड्याचं कवच हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. आत ताई भांगात कंगवा फिरवत होती. ती म्हणाली, "तिसरं माझं आहे."

सगळं एकदम बदललं असं नाही. काही सकाळी पोतं पुन्हा छातीवर असायचं, काही सकाळी ताईनं फेकलेला बूट तो नुसता बाजूला सारायचा आणि ती एकटीच गॅलरीत जागच्या जागी पाय आपटत राहायची, मुद्दाम, त्याला ऐकू जाईल असं. पण पळून आलेला दिवस आणि न पळालेला दिवस यांत फरक असायचा, जसा धुतलेल्या आणि न धुतलेल्या काचेत असतो. दोन्हींतून दिसतं तेच. पळता पळता त्याला कळायला लागलं की ताईचं उजवं पाऊल आणि त्याचं डावं एकत्र पडतं, दोरी सैल लोंबते आणि मग दोघांत कोणी कोणाला नेत नाही. त्या सैल दोरीत तो गप्प असायचा; आणि माइकसमोरच्या गप्प बसण्यात आणि या गप्प बसण्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे एवढं त्याला जाणवायचं, पुढे विचार जायचा नाही.

मग कडाक्याची थंडी पडली. त्या सकाळी तळ्यावर धुरकट पांढरं काहीतरी पसरलं होतं, गवत कडक झालं होतं, आणि पलीकडच्या झाडांच्या रांगेमागून सूर्य नुकता वर येत होता. दोघं लांबच्या वळणावरून आत शिरली तेव्हा ऊन आडवं, थेट समोरून आलं, आणि त्याला दिसलं. मैदानावर जितकी माणसं होती, तो जाडा दुकानदार, त्या दोघी वृद्ध बहिणी, काठी घेऊन चालणारा निवृत्त ड्रायव्हर, दोरीवर उड्या मारणारी ती उंच बाई, त्या प्रत्येकाच्या तोंडातून उजेड बाहेर येत होता. वाफ होती ती, त्याला माहीत होतं. पण मागून येणाऱ्या उन्हात प्रत्येक श्वास पेटून उठत होता, पांढरा, सोनेरी, क्षणभर माणसाच्या तोंडापुढे उभा राहत होता आणि विरत होता, लगेच दुसरा. कोणालाही पत्ता नव्हता. दुकानदार कानात काहीतरी ऐकत होता, बहिणी भाजीवरून वाद घालत होत्या. इतक्या माणसांत कोणीतरी एकच बसून फुंकर घालत असावा, एकाच मापानं, चांगल्याला आणि वाईटाला, म्हाताऱ्याला आणि तरण्याला. काठीवाल्याला जराही कमी नाही. आणि मग त्याच्या डोळ्यांपुढूनच तसाच एक पांढरा झोत गेला. त्याला वाटलं ताईचा. ताईचा पलीकडे होता. हा त्याचा होता. हा नसला तरी चालेल असं ज्याच्याविषयी ठरवून झालं होतं, त्याच्या तोंडातूनही तितकंच येत होतं, मोजून तितकंच. त्याच्या अंगावर काटा आला, डोळे भरले, सबंध मैदान त्याला एका छातीसारखं वर-खाली होताना दिसू लागलं आणि तो पूर्ण, काठोकाठ गप्प झाला.

गप्प म्हणजे रस्ता मोकळा. ताईनं वेग वाढवला. झाडांना पाणी घालायचा रबरी पाईप त्या दिवशी वाटेवर आडवा टाकलेला होता, सापासारखा जाड. दोरीला हिसका बसला, आणि ताई हातांवर, मग गुडघ्यावर, मग हनुवटीवर पडली.

ती ओरडली नाही, त्यामुळे ते जास्तच वाईट झालं. काठीवाला धावत आला, कोणी पाणी आणलं. ताईच्या हनुवटीतून रक्त येत होतं आणि ती विचारत होती, "काय होतं ते?" तो म्हणाला, "पाईप." शब्द आला, पण पडून झाल्यावर आला. ती ज्या इस्पितळात फोन जोडायची तिथेच तिच्या हनुवटीला टाके घातले, मनगट बांधलं. घरी येऊन त्यानं दोरी कपाटात कपड्यांच्या खाली ठेवून दिली आणि तो पडला. भिंतीकडे तोंड करून. झालं ते सरळ होतं. त्याचं गप्प बसणं हे मुळातूनच सडकं होतं. आधी स्थानक बंद पाडलं, आता ताई पाडली. ते मैदान, ती फुंकर, ते सगळं डोळ्यांचे खेळ. आणि त्या खेळापायी त्यानं एकुलत्या एका माणसाचा विश्वास घालवला होता. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, त्यानं गोळ्या घेतोय म्हणून सांगितलं, आणि घेतही होता, कारण ताई त्या हातावर ठेवून गिळेपर्यंत उभी राहायची. पण अंडं पुन्हा तसंच राहू लागलं. पोतं पुन्हा येऊन बसलं आणि या वेळी ते आधीपेक्षा जड होतं, कारण मधे त्यानं हलकं काय असतं ते पाहिलं होतं. सोयीचा तो जुना विचारही एकदा दारापर्यंत येऊन उभा राहिला. ताई रोज एका हातानं फोन जोडून यायची, घर झाडायची, आणि त्या सकाळविषयी चकार शब्द काढायची नाही.

मग एक दिवस उजाडता उजाडता त्याला पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. ताई जमिनीवर बसून बूट घालत होती. बांधलेल्या हातानं नाडी धरता येईना. दातांत धरायची, सुटायची, पुन्हा धरायची.

"कुठे निघालीस?"

"मैदानावर."

"कोणाबरोबर?"

"तळ्याच्या कठड्याला हात लावत जाईन. कठडा कधी बघत बसत नाही, आणि पाडतही नाही."

ते बोलणं बरोबर जिथे बसायचं तिथे बसलं. तो पडून राहिला. नाडी पुन्हा सुटली. तो उठला, तिच्यापुढे उकिडवा बसला आणि त्यानं तिच्या बुटाची नाडी बांधली. ताईनं पाय मागे घेतला नाही.

"ताई, मी पाडलं तुला."

"पाडलंस. चांगलं पाडलंस. हनुवटी आता कायमची वाकडी राहणार, आधीच काय कमी रूप होतं." मग तिचा आवाज खाली आला. "पण मला एक कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय मला झोप नाही. तुझं न बोलणं मी ओळखते. स्थानकातून आलास तेव्हाचं ओळखते, आत्ताचं ओळखते. त्या दिवशी तू तसा गप्प नव्हतास. पाऊल माझ्याबरोबर होतं, दोरी सैल होती. तू होतास तिथे, पुरता होतास. इतका तू कधी नव्हतास. मग काय बघत होतास रे?"

"काही नाही. वाफ."

"कसली वाफ?"

"थंडी होती ना. माणसांच्या तोंडातून निघते ती. श्वासाची."

ताईचा हात हवेत तसाच थांबला. "म्हणजे? श्वास दिसतो?"

त्यानं वर पाहिलं. तिचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"थंडीत दिसतो," तो म्हणाला.

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

"आणि माझं अर्धं आयुष्य संपेपर्यंत हे मला कोणी सांगितलं नाही," ताई हळूहळू म्हणाली. "खांब आला, पायरी आली, सायकल आली. खंडीभर गोष्टी सांगितल्यास. मी आपली समजत होते, श्वास फक्त ऐकू येतो." मग तिनं पालथा हात त्याच्या तोंडापुढे धरला, अगदी जवळ, आणि तो श्वास घेत होता ते तिनं हाताच्या पाठीवर घेतलं, एकदा, पुन्हा एकदा. "हे दिसतं," ती स्वतःशीच म्हणाली. "देवा रे. हे दिसतं."

त्यानं कपाट उघडून दोरी काढली. जिना उतरताना ताई म्हणाली, "आजपासून नियम बदलला. आधी पाईप, मग वाफ. दोन्ही सांगायचं, पण क्रम चुकवायचा नाही."

"आणि मला बोलावंसं वाटलं नाही तर?"

"तर चालत जाऊ. बोलता येईपर्यंत नुसतं चालू. घाई कोणाला आहे?"

बाहेर हवा सुईसारखी टोचत होती. रस्त्यावर अजून कोणी नव्हतं आणि खांबावरचा दिवा विझायचा राहिला होता. दोघं चालू लागली, मग नकळत थोडी भरभर, आणि कोपऱ्यावर येईपर्यंत त्याची छाती वाजायला लागली.

"आत्ता दिसतोय का?" ताईनं विचारलं. "माझा?"

"दिसतोय."

"कसा आहे?"

तो बघत राहिला; खाली रस्त्याकडे बघितलं, रस्ता सपाट होता, मग पुन्हा तिच्याकडे. "पांढरा. आधी घट्ट असतो. मग मोठा होतो, पसरतो. माझाही येतो, आणि पुढे जाऊन दोन्ही एकात एक मिसळतात. कुठला कोणाचा ते कळत नाही."

"आणि मग?"

"मग दिसेनासा होतो."

"जातो कुठे?"

"ते माहीत नाही, ताई," तो म्हणाला, आणि त्याला माहीत नव्हतं याचं इतकं मोठं नवल त्याच्या छातीत उभं राहिलं की त्याचा वेग आपोआप वाढला, आणि ताई, मनगटाला जराही हिसका न बसू देता, त्याच्याबरोबर धावू लागली.